हा नको, पण मग कोण?

गेल्या वर्षी प्लेसमेंटच्या तयारीसाठी आमच्याकडे मॉक जीडी झाली. आमच्या ग्रुपला चिठ्ठीत विषय आला : 'सत्ताधारी पक्षाचा नेता लोकांना नकोसा झाला, तर पक्षाने तो निवडणुकीआधी बदलावा का?' पहिलं वाक्य जो बोलतो त्याला जास्त मार्क, असं सीनियर्सनी सांगून ठेवलेलं. त्यामुळे मी झडप घालून म्हणालो, "बदलावाच! नापास पार्ट ठेवून मशीन चालवण्यात काय अर्थ आहे?" वाक्य चटपटीत होतं. समोर बसलेल्या सरांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, "बरं. स्पेअर पार्ट कुठे आहे?"

मी गप्प. उरलेली बारा मिनिटं मी फक्त मान हलवत होतो.

तो प्रश्न मला एवढा का झोंबला, ते आमच्या हॉस्टेलवाल्यांना माहीत आहे. जीडीच्या बरोबर तीन आठवडे आधी आमच्या मेसमध्ये हेच नाटक होऊन गेलं होतं आणि त्यात माझी भूमिका काही फार गौरवाची नव्हती. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी, त्या जीडीनंतर लाजेकाजेस्तव लायब्ररीत बसून मी जे वाचलं ते सांगतो. कारण विषय वाटतो तेवढा सोपा नाही. एक नापसंत नेता आणि त्याला घालवायला टपलेला अख्खा पक्ष, एवढं असूनही नेता जात नाही, असं होऊ शकतं. नुसतं होऊ शकतं असं नाही, झालेलं आहे. ठिकाण : ब्रिटन. साल : २००८ ते २०१०. माणूस : गॉर्डन ब्राऊन.

ब्राऊन साहेबांची दोन वर्षं

गॉर्डन ब्राऊन हे १९९७ पासून दहा वर्षं टोनी ब्लेअर यांचे अर्थमंत्री. हुशार, कष्टाळू, आकड्यांत मुरलेले. ब्लेअर कधी खुर्ची सोडतात याची त्यांनी किती वाट पाहिली हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. अखेर २७ जून २००७ रोजी ते पंतप्रधान झाले. मजूर पक्षाचा नेता होण्यासाठी त्यांना निवडणूकसुद्धा लढवावी लागली नाही. उमेदवारीसाठी ४५ खासदारांचा पाठिंबा लागायचा. ब्राऊन यांना ३१३ जणांनी पाठिंबा दिला. विरोधात उभे राहू पाहणाऱ्या जॉन मॅकडोनेल यांना २९ च मिळाले, म्हणजे त्यांचा अर्जच भरला गेला नाही. बिनविरोध!

बिनविरोध निवड दिसायला छान दिसते. पण तिच्यात एक खोट असते. ज्याची परीक्षा झालीच नाही, त्याचा निकाल काय सांगणार? इंटर्नलला सगळ्यांना पंचवीसपैकी चोवीस, आणि एक्स्टर्नलला...? असो.

सुरुवातीचे तीन महिने बरे गेले. सर्व्हेमध्ये पक्ष पुढे होता आणि ब्राऊन लगेच सार्वत्रिक निवडणूक घेणार अशी हवा तयार झाली. ६ ऑक्टोबर २००७ रोजी त्यांनी जाहीर केलं की निवडणूक नाही. झालं! 'घाबरला' हा शिक्का बसला आणि तिथून घसरण सुरू झाली.

मग आला दहा पेन्सचा घोळ. ब्राऊन यांनी अर्थमंत्री म्हणून मांडलेल्या शेवटच्या, म्हणजे मार्च २००७ च्या बजेटमध्ये प्राप्तिकराचा मूळ दर २२ वरून २० टक्के केला. पण त्याच वेळी सगळ्यात खालचा १० टक्क्यांचा दर काढून टाकला. एप्रिल २००८ मध्ये तो लागू झाला, तेव्हा कमी पगाराच्या लाखो लोकांच्या लक्षात आलं की आपला कर वाढलाय. गरिबांचा पक्ष म्हणवणाऱ्या पक्षाने गरिबाच्याच खिशात हात घातला! पुढच्याच महिन्यात भरपाई म्हणून २७० कोटी पौंडांची सवलत जाहीर करावी लागली. पण दूध उतू गेल्यावर गॅस बंद करून काय उपयोग?

मे २००८ च्या स्थानिक निवडणुकीत सत्ताधारी पक्ष २४ टक्के मतांसह तिसऱ्या क्रमांकावर गेला. लंडनचं महापौरपद गेलं. त्याच महिन्यात क्रू अँड नँटविच ही पोटनिवडणूक हरले. जवळजवळ सात हजारांचं मताधिक्य असलेली जागा विरोधकांनी हिसकावली. जुलैमध्ये ग्लासगो ईस्ट. तिथे आधीचं मताधिक्य साडेतेरा हजारांचं, आणि पराभव ३६५ मतांनी!

आता खासदारांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. साडेतेरा हजारांची जागा पडते, तर आपलं काय होणार? पार्लमेंटच्या बारमध्ये आणि कॉरिडॉरमध्ये एकच चर्चा. हे गृहस्थ नकोत.

मग कोण कोण होतं?

रांगेत नावं कमी नव्हती.

पहिलं नाव डेव्हिड मिलिबँड. परराष्ट्रमंत्री, वय ४३. हुशार, तरुण, बोलण्यात तेज. जुलै २००८ च्या अखेरीस त्यांनी गार्डियनमध्ये पक्षाच्या भवितव्यावर एक लेख लिहिला. लेखात सगळं होतं, फक्त ब्राऊन यांचं नाव नव्हतं! सगळ्यांनी अर्थ काढायचा तो काढला. पण 'तुम्ही लढणार का?' या प्रश्नावर सरळ हो किंवा नाही काही आलं नाही. सप्टेंबरमध्ये मँचेस्टरच्या पक्ष अधिवेशनात त्यांचा हातात केळं धरलेला एक फोटो छापून आला आणि त्याचीच जास्त चर्चा झाली. पंतप्रधानपदाचा उमेदवार आणि हातात केळं! राजकारणात वजन जायला तेवढं पुरतं.

दुसरं नाव ॲलन जॉन्सन. एकेकाळचे पोस्टमन, मग पोस्टातल्या कामगार संघटनेचे नेते, मग मंत्री. लहानपणी आई गेल्यावर मोठ्या बहिणीने वाढवलेला माणूस. लोकांना आवडणारा, हसतमुख. अडचण एवढीच की त्यांना स्वतःला ती खुर्ची मनापासून हवी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. २००७ मध्ये उपनेतेपदाची निवडणूक ते हॅरिएट हार्मन यांच्याकडून अगदी थोडक्यात हरले होते.

तिसरं नाव याच हार्मन यांचं. सभासदांनी निवडून दिलेल्या उपनेत्या, म्हणजे कागदावर नंबर दोन. चौथे जॅक स्ट्रॉ, जुने-जाणते, बरीच मोठी खाती पाहिलेले. 'निवडणुकीपुरता सांभाळून घेणारा' म्हणून त्यांचं नाव यायचं. आपल्याकडे रेक्टर रजेवर गेले की एखाद्या सरांकडे चार्ज देतात ना, तसं.

म्हणजे चार तरी स्पेअर पार्ट शेल्फवर होते. तरी बदल झाला नाही. का?

कारण एक : नियमाची मेख

मजूर पक्षाचा तेव्हाचा नियम असा होता. नेत्याची जागा रिकामी असेल, तर उमेदवारीला साडेबारा टक्के खासदारांचा पाठिंबा पुरे. पण नेता खुर्चीवर बसलेला असेल आणि त्याला आव्हान द्यायचं असेल, तर २० टक्के खासदार हवेत. म्हणजे सुमारे ७० जण. आणि त्या सत्तर जणांनी एकाच पर्यायी उमेदवाराचं नाव लिहून सह्या करायला हव्यात. नुसतं 'ब्राऊन नको' असं लिहून भागत नव्हतं. 'त्यांच्याऐवजी अमुक' असं लिहावं लागायचं.

इलेक्ट्रॉनिक्सच्या लोकांना हे लगेच कळेल. हा श्मिट ट्रिगर आहे! चालू व्हायचा थ्रेशोल्ड वेगळा, बंद व्हायचा वेगळा. मधल्या पट्ट्यात सर्किट आहे त्या अवस्थेत राहतं. हे मुद्दाम केलेलं असतं, नाहीतर थोडासा नॉइज आला की आउटपुट खालीवर नाचायला लागतं. नेतेपदाचंही तसंच. दर वाईट सर्व्हेला नेता बदलायला लागला तर राज्यकारभार कोण करणार? नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण नॉइज कुठला आणि सिग्नल कुठला, हे सर्किटला कळत नाही. त्याला फक्त व्होल्टेज कळतं.

जर्मनीत तर ही गोष्ट थेट राज्यघटनेत आहे. तिथे चान्सेलरवर नुसता अविश्वास दाखवता येत नाही. त्याच ठरावात नवा चान्सेलर बहुमताने निवडावा लागतो. आजवर हा प्रयत्न दोनदाच मतदानापर्यंत गेला. १९७२ मध्ये फसला. १९८२ मध्ये यशस्वी होऊन हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले. म्हणजे आमच्या जीडीतल्या सरांचा प्रश्न जर्मनांनी घटनेतच लिहून ठेवलाय.

कारण दोन : घंटा कोणी बांधायची?

समजा सत्तर जणांना मनातून ब्राऊन नको आहेत. त्यातले वीस मिलिबँडचे, वीस जॉन्सनचे, बाकीचे आणखी कुणाचे. 'नको' यावर एकमत, 'हवा' यावर फाटाफूट. म्हणजे सत्तरची बेरीज कधी होतच नाही.

वर आणखी एक भीती. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला पहिला कोण जाणार? पहिला जातो त्याचं मंत्रिपद जातं. मागून बाकीचे आले तर तो हीरो, नाही आले तर एकटाच उघड्यावर. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी त्याच्याकडे बघतो. आपला मास बंक आठवा! सगळ्यांनी ठरवायचं, आणि पहिल्या बाकावरचे दोघे जाऊन बसले की पाच मिनिटांत सगळा वर्ग आत.

हे नेमकं ४ जून २००९ ला घडलं. त्या आठवड्यात वातावरण फारच तापलं होतं. खासदारांनी भत्त्यांची खोटीनाटी बिलं लावल्याचं प्रकरण मे महिन्यात बाहेर आलेलं, दोन महिला मंत्र्यांनी आधीच बाहेर पडण्याचं जाहीर केलेलं, आणि त्या दिवशी युरोपियन पार्लमेंटचं मतदान. रात्री दहाला मतदान संपता संपता जेम्स पर्नेल या तरुण मंत्र्याने राजीनामा दिला आणि ब्राऊन यांनी जावं असं उघड म्हटलं. आता सगळ्यांच्या नजरा मिलिबँडवर. तेही बाहेर पडले असते तर ब्राऊन टिकणं कठीण होतं. पण मिलिबँड राहिले. पीटर मँडेलसन या मुरब्बी मंत्र्याने रात्रीच फोनाफोनी करून बाकीच्यांना थोपवून धरलं. दुसऱ्या दिवशी ॲलन जॉन्सन यांना गृहमंत्री केलं गेलं. म्हणजे संभाव्य वारसदाराला बढती! युरोपियन निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला फक्त १५.७ टक्के मतं मिळाली, तरी नेता तोच.

शेवटचा प्रयत्न ६ जानेवारी २०१० चा. जेफ हून आणि पॅट्रिशिया ह्यूएट या दोन माजी मंत्र्यांनी सगळ्या खासदारांना पत्र लिहून गुप्त मतदानाची मागणी केली. सकाळी भडका, संध्याकाळी राख. कारण तेच. पत्रात मागणी होती, नाव नव्हतं.

कारण तीन : वेळ

१५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली आणि जगभरच्या बँका डगमगल्या. ऑक्टोबरमध्ये ब्राऊन सरकारने मोठ्या बँकांमध्ये सरकारी भांडवल घालायचा निर्णय झटपट घेतला. पुढे इतर देशांनीही तशीच वाट धरली. दहा वर्षं अर्थखातं सांभाळलेला माणूस अशा वेळी घालवायचा आणि नवशिक्याला बसवायचं? लोकांना हे पटणारं नव्हतं. ब्राऊन यांचे सर्व्हेमधले आकडे काही काळ वर आले आणि नोव्हेंबरमध्ये ग्लेनरोथेसची पोटनिवडणूक पक्षाने राखली. वादळात कॅप्टन बदलू नये म्हणतात. अडचण एवढीच की वाईट कॅप्टनसुद्धा हेच म्हणतो.

शिवाय ब्लेअर, ब्राऊन आणि मग तिसरा असं झालं असतं, तर एकाच संसदेत तीन पंतप्रधान झाले असते. लोक म्हणाले असते, आता आम्हाला विचारा. म्हणजे ताबडतोब निवडणूक. ज्या निवडणुकीच्या भीतीने नेता बदलायचा, तीच उद्यावर आली असती! (ही भीती पुढे २०२२ मध्ये खोटी ठरली. तेव्हा दुसऱ्या पक्षाने एकाच वर्षात तीन पंतप्रधान दाखवले आणि निवडणूक २०२४ पर्यंत लांबवली.)

अखेर मे २०१० ची निवडणूक ब्राऊन यांच्याच नेतृत्वाखाली झाली. पक्ष २५८ जागांवर आला. ११ मे ला ब्राऊन यांनी राजीनामा दिला. त्यानंतर सप्टेंबरमध्ये पक्षाने नवा नेता निवडला. डेव्हिड मिलिबँड? नाही. त्यांचा धाकटा भाऊ, एड मिलिबँड! फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. जो दोन वर्षं 'आत्ता की नंतर' करत थांबला, त्याची पाळी आली तेव्हा रांगेत घरातलाच माणूस पुढे निघाला.

आता उलट उदाहरण

म्हणजे नेता कधी बदलताच येत नाही का? येतो की. त्याच देशात, १९९० मध्ये, मार्गारेट थॅचर यांच्यासारखी पोलादी बाई गेली.

थॅचर यांनी पोल टॅक्स आणला होता. स्कॉटलंडमध्ये १९८९ ला, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० ला. माणशी कर. बंगल्यातल्या श्रीमंताला जेवढा, तेवढाच खोलीतल्या मजुराला. लोक रस्त्यावर आले. युरोपच्या प्रश्नावर उपपंतप्रधान जेफ्री हाऊ यांनी १ नोव्हेंबरला राजीनामा दिला आणि मायकल हेझेलटाईन यांनी उघड आव्हान दिलं. इथे घंटा बांधणारा होता!

२० नोव्हेंबरला खासदारांचं गुप्त मतदान झालं. थॅचर २०४, हेझेलटाईन १५२. जिंकल्या ना? नाही! हुजूर पक्षाचा तेव्हाचा नियम असा की पहिल्या फेरीत नुसतं बहुमत पुरत नाही. एकूण ३७२ खासदारांच्या १५ टक्के एवढी आघाडी हवी. म्हणजे ५६. आघाडी होती ५२. कॅल्क्युलेटर काढा : फक्त दोन जणांनी बाजू बदलली असती तर २०६ विरुद्ध १५०, आघाडी बरोबर ५६, आणि थॅचर पहिल्याच फेरीत सुटल्या असत्या. दोन मतं! अकरा वर्षांची सत्ता दोन मतांवर गेली. २२ तारखेला त्यांनी माघार घेतली.

मग हेझेलटाईन पंतप्रधान झाले का? तेही नाही. दुसऱ्या फेरीत जॉन मेजर यांना १८५, हेझेलटाईनना १३१, डग्लस हर्ड यांना ५६. जिंकायला १८७ हवी होती, पण उरलेल्या दोघांनी माघार घेतली आणि मेजर पंतप्रधान झाले. जो वार करतो त्याच्या डोक्यावर मुकुट बसत नाही, हा धडा तिथल्या प्रत्येक मंत्र्याने पाठ केला. अठरा वर्षांनी मिलिबँडही तोच विचार करत नसतील कशावरून?

बदलल्याने फायदा होतो का?

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. म्हणून मी वहीत एक छोटा तक्ता केला. मधल्या काळात नवा माणूस आणला आणि पुढची निवडणूक लढवली, तर काय झालं?

ब्रिटन, १९७६ : विल्सन गेले, कॅलॅहन आले. १९७९ ला हरले.
ब्रिटन, १९९० : थॅचर गेल्या, मेजर आले. १९९२ ला जिंकले, ३३६ जागा.
ब्रिटन, २००७ : ब्लेअर गेले, ब्राऊन आले. २०१० ला हरले.
ऑस्ट्रेलिया, २०१० : रड यांना एका रात्रीत काढून गिलार्ड यांना आणलं. निवडणूक त्रिशंकू, १५० पैकी दोन्ही बाजूंना ७२-७२. अपक्षांच्या टेकूवर सरकार वाचलं. पुढे २०१३ ला पुन्हा गिलार्डना काढून रड यांना आणलं आणि हरले.
ब्रिटन, २०१९ : मे गेल्या, जॉन्सन आले. डिसेंबरमध्ये ८० च्या बहुमताने जिंकले.
ब्रिटन, २०२२ : जॉन्सन गेले, ट्रस आल्या, दीड-दोन महिन्यांत गेल्या, सुनक आले. २०२४ ला १२१ जागांवर आपटले.

म्हणजे कधी लागू पडतं, कधी नाही. मग जिथे लागू पडलं तिथे काय वेगळं होतं? मेजर यांनी आल्यावर काही महिन्यांत, मार्च १९९१ मध्ये, पोल टॅक्स रद्द करायची घोषणा केली. लोकांचा राग ज्या गोष्टीवर होता ती गोष्टच गेली. २०१९ मध्ये ब्रेक्झिटची कोंडी होती. नव्या नेत्याने 'आम्ही ती फोडतो' असं सांगून मतं मागितली. (ते बरोबर की चूक हा वेगळा वाद.) ब्राऊन यांच्याजागी मिलिबँड किंवा जॉन्सन आले असते तर काय बदललं असतं? दहा पेन्सचा कर काय, बँकांचं संकट काय, भत्त्यांची बिलं काय, सगळे त्याच मंत्रिमंडळातले किंवा त्याच बाकांवरचे. धोरण तेच, चेहरा नवा. नुसता नट बदलून नाटक सुधारत नाही.

आपल्याकडे पद्धत वेगळी. खासदार-आमदारांच्या सह्या मोजण्यापेक्षा दिल्लीचा फोन महत्त्वाचा. २००३ च्या जानेवारीत विलासराव देशमुख गेले, सुशीलकुमार शिंदे आले. २००४ ला आघाडी पुन्हा सत्तेत आली आणि मुख्यमंत्री झाले ते विलासरावच! 'मग कोण?' या प्रश्नाचं उत्तर इथे मुंबईत कुणी देत नाही, ते पाकिटातून येतं. सोय मोठी आहे. पण ज्याला आमदारांनी निवडलं नाही, त्याच्याबद्दल आमदारांना जबाबदारीही वाटत नाही.

आता आमची मेस

तर मित्रहो, ती राहिलेली गोष्ट.

आमच्या मेसचं बिल चार महिन्यांत २८०० वरून ३३०० वर गेलं. पोळ्या कच्च्या, आमटीत डाळ शोधावी लागायची, रविवारची फीस्ट नावापुरती. शिव्या सगळ्या सेक्रेटरीला. नियम असा की दोन-तृतीयांश मुलांनी सह्या केल्या तर सेक्रेटरी बदलता येतो. २४० मुलं, म्हणजे १६० सह्या. दोन रात्रींत १७१ झाल्या. कागद घेऊन विंगविंगमध्ये फिरणारा मी. आणि मेसचा जॉइंट सेक्रेटरीही मीच!

टीव्ही रूममध्ये जीबी बसली. रेक्टर सरांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "बरोबर आहे. नवीन नाव कोणाचं?" दोनशे पोरं एकदम चिडीचूप. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सगळ्यांची नजर माझ्याकडे. आणि मी? मी माझ्या चपलेचा अंगठा बघत होतो. सबमिशन, व्हायवा, गेटचा क्लास, सगळी कारणं डोक्यात तयार होती. एक मिनिट गेलं. सरांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "मग सध्या आहे तेच चालू द्या."

रात्री सेक्रेटरी माझ्या रूमवर आला. मला वाटलं भांडणार. तो म्हणाला, "अरे, मला दिवाळीपासूनच सोडायचं होतं. तू उभा राहशील म्हणून मी जीबीत एक शब्द बोललो नाही." मग माझ्या टेबलावरचे शेंगदाणे खात थोडा वेळ बसला आणि गेला. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं सांगतो.

ती जीडी झाली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी. मग हे सगळं वाचन. आणि या सेमिस्टरला मी माझं नाव दिलं.

चार्ज घेतल्यावर पहिल्या आठवड्यात कळलं की बिल वाढण्याचं कारण सेक्रेटरी नव्हताच. खाडे होते. मुलं शनिवार-रविवार घरी जायची, खाडा सोमवारी येऊन लिहायची. स्वयंपाक २४० जणांचा, जेवणारे १७०-१८०. उरलेलं अन्न ड्रममध्ये, आणि त्याचा खर्च सगळ्यांच्या डोक्यावर. मी एकच नियम केला. खाडा आदल्या रात्री आठच्या आत वहीत लिहायचा, नंतरचा धरणार नाही. पहिला महिनाभर शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या महिन्यात बिल ३०५० वर आलं. पोळ्या अजून जाडच आहेत, ते कबूल. म्हणजे त्या रात्री मी हो म्हणून वही घेतली असती आणि खाड्यांकडे पाहिलं नसतं, तर नवा सेक्रेटरी आणि जुनंच बिल एवढाच बदल झाला असता.

ब्राऊन चांगले की वाईट हे ठरवणारा मी कोण? पण 'हा नको' असं म्हणायला फार काही लागत नाही. सही करायला पेन पुरतं. 'मग मी' किंवा 'मग हा, आणि हे असं करणार' असं म्हणायला स्वतःची काहीतरी किंमत लावावी लागते. पर्नेल यांनी मंत्रिपद लावलं, हेझेलटाईन यांनी पुढची सगळी संधी लावली. बाकीचे माझ्यासारखे चपलेचा अंगठा बघत बसले.

जाता जाता ताजी बातमी. खाड्याच्या नियमावर वैतागून सी विंगमध्ये माझ्याविरुद्ध सह्यांचा कागद फिरतोय असं परवा कळलं. माझी काही हरकत नाही. फक्त कागदाच्या तळाला एक नाव लिहून आणा, आणि खाड्यांचं काय करणार तेही लिहा. वही टेबलावरच आहे. त्याच दिवशी देतो.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स)